बरे होऊन गेले

२९ मार्च २०२१, सोमवार, धुळवड

आलो बाई एकदाच्या! नवी जागा, नवी नोकरी आणि नवी रोजनिशी. जुनीत नुसतं रडगाणं होतं, ती शेलूलाच रद्दीत टाकली.

सकाळी शेलूच्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावताना मी सहज दाराला म्हटलं, जाते बाई. झालं! अनसूया आत्या जिन्यात अर्ध्यावर पोचली होती, तिथूनच खेकसली. जाते काय म्हणतेस कार्टे, येते म्हण. मी म्हटलं, परत यायचंच नाही तर येते कशाला म्हणू? तर म्हणे, जाते म्हणणारा खरंच जातो, येते म्हटलं की वाट उघडी राहते. माझी चाळिशी आली तरी मी कार्टीच. पण आईच्या मागं हिनंच मला वाढवलं, केस ओढून ओढून घट्ट वेण्या घातल्या, त्यामुळे ऐकून घेते. मुकाट्यानं दाराला येते म्हटलं.

न्यायला गजा टेंपो घेऊन आला होता. ड्रायव्हर तोच, माळी तोच, दिवाबत्ती बघणाराही तोच. नेरळला पोरांनी रंगाचा फुगा मारला तो नेमका आत्याच्या मांडीवर फुटला. तिनं अशा काही अस्सल शिव्या दिल्या की गजाला टेंपो बाजूला घेऊन हसावं लागलं.

कर्जतहून कोंडाण्याच्या रस्त्याला लागलं की आमची ‘कणगी’. पूर्वी भाताची गिरणी होती, आता वृद्धाश्रम आहे. मालक, संचालक, विश्वस्त सगळे एकच, अण्णा. पांढरा सदरा, जोडलेले हात, तोंडात खडीसाखर. मला बाळ म्हणाले. माझं काम म्हणजे औषधं, नातेवाइकांचे फोन, आणि रोज दुपारी तालुक्याच्या करोना कक्षाला फोन करून कळवायचं की आज आजारी किती, बरे किती आणि मृत किती. हे आकड्यांचं काम तर मी हौसेनं केलं असतं. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तशी मी गेलं वर्षभर जिल्ह्याचे आकडे बघत आलेय. आत्या त्याला माझा मटका म्हणते.

पगार बेताचा, पण आत्याला खाट, जेवण, औषध सगळं फुकट. तिचा दमा आणि आखडलेला खांदा घेऊन मी आणखी कुठं जाणार होते? त्या खाटेसाठी आलेय, उगाच समाजसेवेचा आव कशाला आणू. जागा मात्र छान आहे. मागं राजमाचीचा डोंगर आणि पुढं आंब्याची सावली.

२ एप्रिल, शुक्रवार

रुळले. दुपारचा चहा झाला की सगळे जुन्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसतात. कडेच्या वेताच्या खुर्चीत ओगले मास्तर. कर्जतच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेले. चहा बशीत ओतून असा भुरका मारतात की झाडावरचे कावळे उडावेत. शेजारी आनंदीबाई, त्यांचे हात सतत काहीतरी गुंफत असतात, फुलं नसली तर दोरा. आत्याची आणि त्यांची पहिल्याच दिवशी गट्टी. स्वयंपाकाला कोंडाण्याची सोनुबाई आहे. तिनं मला बजावलं, ताई, हितं झाडायचं काम कुनी करत नाय, सगलीकडं जुना कोंडा हाय, भिंती झटकू नका, खोकला लागंल.

खरंच आहे. मागे कोंड्याची खोली म्हणून एक आहे. गिरणी चालायची तेव्हा भाताचा सगळा कोंडा तिथं साठायचा. आतून रेटा बसायचा म्हणून दाराला कडी बाहेरून. कुणाला ताप आला तर वेगळं ठेवायला अण्णांनी तीच खोली काढलीय.

कक्षाच्या आजच्या आकड्यांच्या पत्रकात आम्ही कुठं आहोत बघितलं. तालुका आम्हाला ‘बंदिस्त संस्था’ म्हणतो. त्याच रकान्यात तुरुंग, वसतिगृहं, आश्रम. आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, बरोबरच आहे की, कैद्याला निदान सुटायची तारीख माहीत असते. खालापूरकडच्या एका वृद्धाश्रमात साथ शिरलीय आणि चौघे दगावलेत. एका तुरुंगातही बरीच माणसं आजारी. त्या तुरुंगात लगेच डॉक्टर गेले, खालापूरला प्राणवायूची यंत्रं गेली. बरं आहे. आकडा खरा सांगितला की माणसं धावून येतात, यासाठीच तर आकडे.

लसीचं अण्णांना विचारलं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.

९ एप्रिल, शुक्रवार

मास्तरांना ताप. अण्णांनी कोंड्याच्या खोलीत हलवायला सांगितलं. गजानं त्यांना धरून नेलं. ओट्यावरून जाताना मास्तर सगळ्यांकडे वळून म्हणाले, येतो हं, माझी खुर्ची कुणी घेऊ नका. आनंदीबाईंनी खुर्चीवर आपला रुमाल टाकून जागा धरली. लोकलच्या डब्यातली सवय, म्हणाल्या.

कक्षात स्वराज नावाचा मुलगा फोन घेतो, कशेळ्याचा आहे. आवाज गोड, पण इथं डोंगराखाली रेंजची बोंब. अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं.

१२ एप्रिल, सोमवार

ओगले मास्तर गेले.

पहाटे गजानं आणि आणखी दोघांनी उरकलंही. अण्णांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण वार्धक्य लिहिलं. पुतण्या पुण्याहून येऊ शकत नाही म्हणाला, आणि आवाजात सुटका झाल्याचा सूर होता, तो लपवतासुद्धा आला नाही त्याला.

दुपारी कक्षाला फोन केला. म्हटलं, स्वराज, ओगले मास्तर गेले रे. त्यानं विचारलं, घरी का? मला वाटलं, दवाखान्यात की इथं, हे विचारतोय. म्हटलं, हो, घरीच गेले. तो म्हणाला, चला, बरं झालं. एवढं तोडून बोललेलं ऐकून मला रागच आला. पण म्हटलं, दिवसभर हेच ऐकत बसतो, निबर झाला असेल बिचारा.

१३ एप्रिल, मंगळवार, पाडवा

पत्रक आलं. कणगी: मृत्यू निरंक, बरे होऊन घरी गेले, एक.

आधी कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. मेले म्हणायला जीभ वळत नाही आपली. आपण गेले म्हणतो, वारले म्हणतो, देवाघरी गेले म्हणतो. आणि त्या पोरानं मास्तरांना घरी पाठवून दिलं!

दुरुस्त करायला फोन उचलला तेवढ्यात अण्णा आले. पत्रक बघून हसले. म्हणाले, बाळ, सुंठीवाचून खोकला गेला. राहू दे. मी म्हटलं, अण्णा, हे खोटं आहे. त्यांनी हात जोडले. म्हणाले, आपण खोटं कुठं बोललो? गेले ना? मग झालं. समोरच्यानं काय ऐकलं त्याला आपण काय करणार? वृद्धाश्रमाला मृत्यूचा डाग लागला की देणगीदार पाठ फिरवतात, आणि मग सगळ्यांच्याच खाटांचा प्रश्न. हे म्हणताना नजर आत्याच्या खाटेवर. गोड बोलून गळा कापणं म्हणजे काय ते आज पाडव्याच्या श्रीखंडाबरोबर शिकले.

फोन केला नाही. ओट्यावर अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, मास्तर बरे होऊन पुतण्याकडे गेले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१५ एप्रिल, गुरुवार

आज चहाच्या वेळी भुरका ऐकला.

मी पाठमोरी होते, औषधं वाटत होते. एकच भुरका, तोच, कावळे उडाले. वळून बघितलं तर वेताची खुर्ची रिकामी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, मास्तरांची मेल्यावरही गेलेली नाही, असा विनोद मी स्वतःशीच केला. मग खुर्चीच्या हातावरची बशी बघितली. रिकामी होती आणि तळाला कोंडा होता.

आनंदीबाई हसत म्हणाल्या, मास्तर परत आले, बघ. येतो म्हणाले होते. हात किती गार झालेत गं त्यांचे.

सोनुबाईला विचारलं, खुर्चीपाशी चहा कुणी ठेवला? ती म्हणाली, ताई, तुमी फोनवर सांगितलं ना, बरे झाले म्हनून? मग चहा मी नाय ठेवला, तुमीच ठेवलात.

१८ एप्रिल, रविवार

आनंदीबाईंना ताप. कोंड्याच्या खोलीत नेलं. जाताना आत्याचा हात धरून म्हणाल्या, येते गं अनसूया.

मला ओरडावंसं वाटलं, असं म्हणू नका. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

२० एप्रिल, मंगळवार

आनंदीबाई गेल्या.

अण्णा फोनपाशी येऊन उभे राहिले. मी बोलेपर्यंत हलले नाहीत. मी स्वराजला म्हटलं, आनंदीबाई गेल्या. त्यानं विचारलं, घरी? मी म्हटलं, हो. या वेळी मला माहीत होतं तो काय विचारतोय. आत्याच्या खाटेसाठी म्हटलं. थुंकावंसं वाटतंय स्वतःवर.

स्वराज कौतुकानं म्हणाला, ताई, सगळ्या रायगडात तुमच्यासारखी संस्था नाय. यंत्रं आलीत थोडी, ती खालापूरलाच देतो, तुमाला गरज नाय.

सोनुबाई दुपारीच काम सोडून निघाली. पदर खोचला, फाटकापाशी थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, जाते. पन्नाशीची बाई, चार गावची रीतभात कळणारी. येते म्हणाली नाही. मुद्दाम म्हणाली नाही. जाते, जाते, दोनदा म्हणाली, आणि मागं वळून बघितलं नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

आत्याची वेणी घातलेली आहे.

खांदा आखडल्यापासून तिचा हात मानेमागं जात नाही. रोज मी अंबाडा घालते. आज चहा घेऊन गेले तर खाटेवर बसलेली, केस विंचरून तिपेडी वेणी, टोकाला दोरा गुंफलेला. मी विचारलं, कुणी घातली? ती म्हणाली, आनंदी आली होती ना. तू झोपली होतीस. हात गार होते पण छान घातली की नाही?

वेणी सोडली. केसांतून कोंडा गळला. गळतच राहिला, मांडीवर, चादरीवर. आत्या खोकली.

२४ एप्रिल, शनिवार

आत्याला ताप. श्वास वाजतोय. त्यात दमा.

स्वराजला फोन केला. म्हटलं, यंत्र पाठव, डॉक्टर पाठव, काय हवं ते कर. त्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, ताई, जिथं मृत्यू हायत तिथं पहिलं द्यायचं अशी वरून ऑर्डर हाय. तुमच्याकडं तर सगळे बरे होऊन जातात. ह्या पन होतील.

मी म्हटलं, अरे ते बरे होऊन गेले नाहीत, ते गेले! तो म्हणाला, तेच म्हनतो मी पन.

माझा ताबा सुटला. ओरडले, अरे मेल्या, मेले ते, मेले! रेंज खरखरली. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, शिव्या नका देऊ ताई. आमी पन मानसं हाव. आणि फोन ठेवला.

मला हसू आलं. खूप वेळ हसत होते. रडण्यापेक्षा वाईट होतं ते. चाळीस वर्षं मराठी बोलतेय, आणि मेले हा शब्द हवा तेव्हा नुसती शिवी निघाली तोंडातून.

परत लावला. उचलत नाही. मग अण्णा आले, म्हणाले, स्वराजचा फोन होता, म्हणत होता ताई जरा बिघडल्यासारख्या वाटतात. माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाले, बाळ, तुलाही ताप आहे गं.

फोन घेऊन गेले. चार्जिंगला लावतो म्हणाले.

२५ एप्रिल

कोंड्याची खोली. आत्याबरोबर मीही आत. अण्णांनी सांगितलं म्हणून नव्हे. तिला एकटीला सोडणार नव्हते. ताप खरंच आहे मला.

कडी बाहेरून लागली. गजाला हाक मारली. तो दारापलीकडून म्हणाला, अण्णांनी सांगितलंय ताई, तुमी नका घाबरू, आमी हाव ना. पाणी आणि पेज खिडकीतून देतो. चांगला माणूस. चांगली माणसंच कड्या लावतात.

भिंतीतून कोंडा झरतो. पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी खोकतं. आम्ही दोघीच आहोत. आत्या नाही खोकली. मी नाही खोकले.

२६

आत्याचे ओठ निळे. मी तिला उठवून बसवते, पाठ चोळते. यंत्र खालापूरला. खोटं मी बोलले, किंमत ती मोजतेय.

तिला सगळं सांगितलं. मास्तर, आनंदीबाई, फोन. तिनं ऐकलं. कार्टे म्हणाली. रागानं नाही.

कोपऱ्यात भुरका. ती तिकडे बघून हसली. बसा मास्तर, म्हणाली.

२७ — सकाळ

आत्या निघाली. मला कळलं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, म्हटलं, आत्या, जाते म्हण. माझ्या गळ्याची शप्पथ, जाते म्हण. सोनुबाईसारखं. सुटशील. मी तिच्या तोंडावर हात ठेवला — स्वतःच्या आत्याच्या तोंडावर —

तिनं तो बाजूला केला. आखडलेल्या हातानं.

येते गं, म्हणाली.

२७ — नंतर

गजा आणि दोघं येऊन घेऊन गेले. मी मागे धावले, पडले. पुन्हा कडी.

सरणापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही मला. ज्या बाईनं मला वाढवलं तिला मी तीन परक्या माणसांच्या हवाली केलं. अण्णा, तुमच्या खडीसाखरेला मुंग्या लागोत.

२८ ?

खिडकीबाहेर अण्णा फोनवर. मुद्दाम इथं येतात, इथं रेंज चांगली.

हो हो, अनसूयाबाई गेल्या. हो, घरी. ... आमच्या ताई ना? अबोलीताई? त्याही गेल्या. हो. कालच. बऱ्या होऊन गेल्या, स्वराजभाऊ. फार गुणी मुलगी.

मी आत आहे. मी खिडकीच्या आत आहे —

हाका मारल्या. आवाज फुटत नाही. घशात कोंडा. दार वाजवलं. अण्णा थांबले. ऐकलं त्यांनी, मला माहीत आहे ऐकलं. मग चपलांचा आवाज — लांब —

दुपार

पेज आली नाही. बरी होऊन गेलेल्या माणसाला पेज कोण देणार.

कोपऱ्यात आता बरेच जण. खुर्च्या सरकवल्यासारखा आवाज. दोरा ओढल्यासारखा.

भिंतीकडे पाठ करून बसलेय —

कुणीतरी माझे केस सोडतंय

गार हात. ओढून ओढून. घट्ट. लहानपणी घालायची तशीच —

आले गं, म्हणतेय

नाही. लिहून ठेवते. जो वाचेल त्यानं कक्षात सांगा, स्वराजला सांगा, नीट सांगा, रेंज असेल तिथून. अबोली घरी गेली नाही. अबोली बरी झाली नाही. ती इथंच आहे, श्वास चालू आहे. कडी काढा. मी गेले ना